स्वच्छ असावी

ती ओळ सूचनेच्या अगदी शेवटी होती. 'महिला स्वच्छ असावी.'

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचनांचा फळा आहे. त्याची काच कधीचीच फुटून गेली, नुसती चौकट राहिली. त्या चौकटीत शाळेचा कागद लावला होता. शाळेत दुपारचं जेवण शिजवायला बाया पाहिजेत, पदे दोन. पदाचं नाव 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. मानधन शासनाच्या नियमाप्रमाणे. महिला याच गावची रहिवासी असावी. अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावेत. आणि मग ती ओळ.

मला वाचायला वेळ लागतो. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे वाचलं ते बसची पाटी, दुकानाची पाटी, औषधाची बाटली एवढंच. पण ती ओळ मी एका दमात वाचली. तीनच शब्द. वाचल्याबरोबर शिळं नासलेलं काही तोंडात आल्यासारखं झालं.

हे बाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. तो म्हणेल, बाई, लेकरांचं अन्न शिजवायचं, तर शिजवणारी स्वच्छ नको का? पाहिजेच. पण आमच्या गावात हा शब्द कसा चालतो ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. आम्ही बौद्ध. आमची वस्ती नाल्याच्या अलीकडे, गाव पलीकडे, मध्ये छोटा पूल. गावात आता जातीचं नाव कोणी तोंडावर घेत नाही. घेतलं तर केस होते, हे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. म्हणून नाव सोडलं आणि दुसरे शब्द धरले. पिठाच्या गिरणीवर आमचा डबा उतरला की गिरणीवाला पट्टा थांबवतो. 'थांबा, जरा स्वच्छ करून घेतो,' म्हणतो. मशीन झाडतो, मग पुढच्याचं दळण टाकतो. पुढच्याचं उतरलं आणि त्याच्या मागं गावातलंच कोणी असलं तर झाडत नाही. माझं लग्न झालं तेव्हापासून मी ते झाडणं पाहत आले आहे. म्हणून कागदावर तो शब्द दिसला तेव्हा मला शिकलेल्या माणसानं समजावून सांगायची गरज पडली नाही.

मी वाचत उभी होते तेवढ्यात मुख्याध्यापक आले. गावात त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी मोबाईल वर धरला.

"मावशी, जरा बाजूला व्हा. सूचनेचा फोटो वर पाठवायचा आहे."

मी बाजूला झाले. त्यांनी दोन-तीन फोटो काढले, कागद नीट दिसतो का ते पाहिलं आणि निघून गेले. मला कोणासमोरच बोलता येत नाही. चार माणसं असली की माझे शब्द घशातच राहतात, आणि घरी आल्यावर, भाकरी थापताना, सगळे नीट आठवतात.

पण ती जागा मला पाहिजे होती. खूप पाहिजे होती. निंदण करून करून माझे गुडघे गेले. सोयाबीनमध्ये एकदा बसलं की उठताना दुसऱ्या बाईचा हात धरावा लागतो, आणि हात धरून उठणाऱ्या बाईला मुकादम रोज थोडीच ठेवतो. घरचे बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली जातात, त्यांचंही वय झालं. शाळा आमच्या वस्तीपासून पुलापलीकडे लगेच. डोक्यावर पत्रा, समोर शेगडी. आणि स्वयंपाक हे एकच काम असं आहे की ते करताना मला भीती वाटत नाही. जयंतीला वस्तीचं जेवण माझ्याच हातचं असतं. मोठा गंज, आमच्याकडचं पातेलं, चुलीवर चढवला, फोडणी दिली, की मला कोणाशी बोलावं लागत नाही.

माझी थोरली जाऊ भिंतीला भिंत लागून राहते. मी तिला बाई म्हणते. ती शाळेत कधीच गेली नाही, आणि तिला बोलायची भीती हा प्रकारच माहीत नाही. मी घरी आले ते तोंड पाहूनच तिनं विचारलं.

"काय झालं वं? कोनी काही बोललं?"

"शाळेत जागा निंगल्या. शिजवाच्या."

"मंग चांगलं हाय ना! टाक अर्ज."

"खाली लिहिलं हाय, महिला स्वच्छ असावी म्हून."

जाऊ शेंगा फोडत होती, तिचा हात थांबला. तिलाही लगेच कळलं.

"रयवासी असावी असंबी लिहिलं का?"

"हाव."

"त्याले दाखला लागते ना?"

"लागते."

"मंग स्वच्छ लिहिलं, त्यालेबी दाखला लागन. तो काढू."

मला वाटलं ती चेष्टा करते. चेष्टा नव्हती. जाऊला निराधारचा पगार मिळतो. त्यासाठी तिनं उत्पन्नाचा दाखला काढला, वयाचा काढला, आणि दरवर्षी हयातीचा काढते. तिच्या हिशोबानं कागदावर जे लिहिलं त्याचा दाखला असतोच.

"बाई, स्वच्छतेचा कुठं दाखला असते का?"

"मी जित्ती हाओ त्याचा देतेत लोक! समोर उभी राहून म्हनते, भाऊ, मी जित्ती हाओ, तं म्हनते, दाखला आना. आन् स्वच्छतेचा नसन? चाल."

ग्रामसेवक आठवड्यातून ठरल्या दिवशी येतात. जाऊनं त्यांच्या टेबलाशी जाऊन सरळ मागणी केली. त्यांनी आधी कान पुढं केला, मग हसायला लागले.

"आजी, तसा दाखला नसतो."

"मंग कोनता असते?"

"शौचालय असल्याचा असतो."

"तोच द्या."

ग्रामसेवक चांगला माणूस. हसत हसतच त्यांनी तो लिहिला आणि शिक्का मारला. बाहेर येऊन मी वाचला. 'यांचे घरी शौचालय असून कुटुंबातील सर्व व्यक्ती त्याचा नियमित वापर करतात.' खाली सही. मला इतकी लाज वाटली की मी तो कागद घडी घालून पोलक्यात ठेवला. दुसऱ्या बाया नोकरी मागताना शिक्षणाचा कागद दाखवतात, अनुभवाचा दाखवतात. मी हे दाखवायचं, की आम्ही सगळे संडासात जातो. नियमित.

शाळेत अर्ज देताना सरांनी एकेक कागद उलटला. या कागदाशी थांबले.

"हे कशाला जोडलं?"

मी खाली पाहत उभी. जाऊ म्हणाली, "तुमीच म्हनले ना सर, स्वच्छ असावी."

"अहो, पण त्याचा अर्थ तसा नाही. त्याचा अर्थ..."

आणि सर थांबले.

"काय अर्थ हाय?" जाऊनं विचारलं. "सांगा ना. आमी अडानी मानसं."

सरांच्या खोलीत पंखा फिरत होता, टेबलावर चहा होता. सरांनी चहाकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं. अर्थ त्यांना माहीत होता आणि तोंडानं सांगता येत नव्हता. शिकलेला माणूस असा अडकलेला पाहून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट शिसारी आली. लिहिताना हात अडला नाही आणि सांगताना जीभ अडते.

"राहू द्या," ते म्हणाले, "लावून ठेवतो."

पण वस्तीत कानावर आलं की शाळा समितीच्या अध्यक्षाची चुलत भावजय आणि तिची शेजारीण, या दोघींचं आधीच ठरलं आहे. सूचना नुसती लावायची म्हणून लावली. जाऊ म्हणाली, तालुक्याला जाऊ. मी नको म्हटलं. तिनं चप्पल घातली होती.

बसनं लोणारला गेलो. कचेरीत शाळेच्या जेवणाचं काम पाहणारे एक बाबू होते. तरुणच, शर्ट इस्त्रीचा. त्यांनी बसायला खुर्ची दिली हे सांगितलं पाहिजे. जाऊनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजत नियम सांगितला. जागा भरायची तर गुपचूप भरता येत नाही. सूचना सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावावी लागते. जागा किती, काम काय, मानधन काय, अटी काय, अर्ज कधीपर्यंत, हे सगळं त्यात आधीच सांगावं लागतं. नंतर मनानं अट घालता येत नाही. जातीची अट तर कुठंच घालता येत नाही.

मला ते ऐकून धीर आला. असा नियम आहे हे मला माहीत नव्हतं. कोणीतरी बसून आमच्यासारख्यांचा विचार करून हे लिहून ठेवलं आहे, असं वाटलं.

मग बाबूंनी कॉम्प्युटरवर आमच्या गावच्या सूचनेचा फोटो उघडला. "हे पाहा. लावली आहे. पदं आहेत, मानधन आहे, तारीख आहे. आणि हे पाहा, बाई वाचतसुद्धा आहेत." फोटोच्या कडेला हिरव्या पदराचं टोक आणि अर्धा खांदा होता.

"हीच हाय ना ते!" जाऊ म्हणाली.

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "मग झालं की. तुम्ही स्वतः वाचली. सूचना पारदर्शकच आहे."

"पारदर्शक म्हंजे काय, साहेब?"

"म्हणजे आरपार दिसेल अशी. काही लपवलेलं नाही."

"आमाले दिसूनच राह्यलं ना आरपार," जाऊ म्हणाली. "तुमालेच दिसून नाही राह्यलं."

बाबूंना तो टोला समजला. कानाची पाळी लाल झाली. पण ते म्हणाले, "आजी, स्वच्छता तर चांगली गोष्ट आहे. या शब्दावर मी काय हरकत घेऊ? नियमात काय बसत नाही ते दाखवा." आणि खरंच, दाखवता येईना. नियमात सगळं बसत होतं. सगळं लिहिलेलं होतं, सगळं भिंतीवर होतं, फोटोत होतं, आणि माझा पदरसुद्धा साक्षीला होता. मला त्या फोटोची इतकी किळस आली की मी खुर्चीवरून उठले.

आम्ही जिना उतरताना बाबूंनी फोन लावल्याचं ऐकू आलं. "सर, ती शेवटची ओळ काढून टाका. कटकट नको."

दुसऱ्या दिवशी मी फळ्याशी गेले. कागद तोच होता. नवीन कागद काढायचा कंटाळा केला असेल. ओळीवर निळ्या पेनानं एक रेघ मारली होती, बाजूला सही. रेघेखालून 'स्वच्छ' चांगलं वाचता येत होतं. आधी लोक ती ओळ वाचत नव्हते, आता रेघ आहे म्हणून थांबून वाचायला लागले.

निवडीची बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. अध्यक्ष खुर्चीवर. त्यांच्या गालात खर्रा. आमच्याकडे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून जो करतात तो. बोलायच्या आधी ते उठले, व्हरांड्याच्या खांबाआड थुंकले आणि येऊन बसले. खांबाची ती बाजू खालपासून गुडघ्यापर्यंत लाल आहे. मी शाळा पाहते तेव्हापासून लाल आहे.

"हे पाहा," ते म्हणाले, "लेकरायच्या आरोग्याचा प्रश्न हाय. स्वच्छता आपल्याले पह्यले पाहावं लागते."

माझी नजर त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं लाल ओघळ होता. त्यांनी तो बोटानं पुसला आणि बोट खुर्चीला पुसलं. त्याच बोटानं अर्ज उलटायला घेतले.

जाऊ उभी राहिली. "भाऊ, स्वच्छतेचा दाखला कोनाकोनाचा हाय तेवढं सांगा."

"कायचा दाखला, वयनी?"

"सराले इचारा. आमचा लावला हाय. शिक्क्यासकट."

सरांनी मान खाली घातली. बसलेल्या बायांत खसखस पिकली, कारण शौचालयाच्या दाखल्याची गोष्ट गावभर झाली होती. अध्यक्षांची भावजय पुढंच बसली होती. ती म्हणाली, "माय वं, असे कागद दाखवतेत का कुठं चारचौघात! लाज नाही वाटत?"

"तुह्या घरी बांधलं हाय का नाही, ते सांग."

"बांधलं हाय ना! सरकारी हाय."

"बांधलं हाय, मले माहीत हाय. कुटार भरेल हाय त्यात. सोयाबीनचं. दार उघडलं तं अंगावर येते." जाऊनं हात हलवून भुसा अंगावर येताना दाखवला. "आन् सकाळी टमरेल घेऊन नाल्याकडं कोन येते, तेबी माहीत हाय. आमच्याच वस्तीच्या बाजूनं येता ना तुमी. आमी तोंड फिरवून घेतो, तुमची लाज राखाले."

हसणं इतकं झालं की अध्यक्षांनाही तोंड दाबावं लागलं, आणि खर्रा असल्यामुळे त्यांना ठसका लागला. भावजयीचा चेहरा उतरला. मला तिची दया आली नाही. ते खरं होतं. आमच्या वस्तीच्या कडेला, बाभळींच्या मागं, गावातल्या बाया रोज पहाटे येऊन बसतात. आम्ही त्या वासातून पाण्याला जातो. आणि स्वच्छ त्या.

अध्यक्ष ठसक्यातून सावरले. "बरं, बरं. एक आमची, एक तुमची. झालं?"

असं माझं नाव निघालं. घरी येताना जाऊ पुलावर मोठ्यानं बोलत होती आणि मी हसत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी खूश होते. पूर्ण दिवसभर.

आदेशाचा कागद सरांनी दिला. पदाचं नाव तेच, 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. मी सही केली. चौथीतली सही, पण स्वतःची. मग सर म्हणाले, "मावशी, तथा म्हणजे दोन्ही कामं त्यात येतात. एकीनं स्वयंपाक करायचा, एकीनं मदत करायची. तुम्ही दोघी आपसात वाटून घ्या."

वाटून आधीच झालं होतं. मी पोचले तेव्हा भावजय शेगडीपुढं बसली होती आणि माझ्यासाठी ताटांचा ढीग, राखेचं डबडं आणि झाडू दाराबाहेर मांडून ठेवला होता. पाणी भरून उंबऱ्यापर्यंत आणायचं, आत ती घेणार. तांदळाला हात लावायचा नाही, मिठाला नाही. ताटं घासून धुऊन ठेवायची, ती मात्र चालतात. खोली झाडायची, मोरी काढायची. जी स्वच्छ नाही म्हणून नको होती, तिलाच स्वच्छ करायला ठेवली. मी ताट घासताना हे मनात आलं आणि हातातलं ताट निसटलं.

"हळू वं," आतून आवाज आला. "सरकारी हाय."

मी उंबऱ्याबाहेर बसून आत पाहत असे. भावजय पदराला नाक पुसायची, त्याच हातानं तांदूळ चाळायची. चव पाहायला झारा तोंडाला लावायची आणि तोच झारा गंजात फिरवायची. अध्यक्ष अधूनमधून पाहणीला येत. आले की मोरीशी थुंकत, जिथं मी बसून ताटं धुते, आणि म्हणत, "स्वच्छता ठेवा बरं." माझ्या पायाजवळून ती लाल पिंक वाहत जायची. मी पाणी टाकायचे. घरी गेल्यावर मला कितीदा जेवण गेलं नाही. घरच्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "काम सुरू हाय ना? मंग?" त्यांचंही बरोबर होतं. गुडघ्यांना आराम पडला होता.

मग भावजयीला माहेरच्या लग्नाला जळगाव जामोदला जावं लागलं. सरांनी नाइलाजानं मला म्हटलं, "आज तुम्हीच करा."

मी मटकीची खिचडी केली. तांदूळ मी तीन पाणी धुतला, त्यातले खडे आणि उंदराच्या लेंड्या काढल्या. त्या रोज असणार हे तेव्हा कळलं. मटकी भावजयीनं आदल्या दिवशी भिजवलेली होती. जिऱ्याची फोडणी, हळद, थोडा लसूण. वास व्हरांड्यापर्यंत गेला. घंटा झाली तशी लेकरं रांगेनं बसली, आणि माझ्या हातात झारा होता. मला भीती वाटत नव्हती.

आमच्या वस्तीतली लेकरं जेवली. गावातलीही काही लहानगी जेवायला लागली, त्यांना काय कळतं. तेवढ्यात फाटकाशी दोन-तीन आया आल्या. कोणी डबा घेऊन, कोणी तशीच. "आज घरी जेवाचं हाय," म्हणत लेकरांना दंडाला धरून उठवलं. एका पोरीच्या तोंडात घास होता. आईनं तिथंच तिच्या तोंडापुढं हात धरला आणि म्हणाली, "थुंक."

ती थुंकली. आईनं तो घास मातीत टाकला आणि हात पदराला पुसला.

मी झारा धरून उभी होते. रागाचं काय सांगू. राग आला तर माणसाला निदान ताकद वाटते. मला ओकारी आली. मी भिंतीमागं जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन उभी राहिले. ज्यांना वाढायचं होतं त्यांना वाढलं.

सरांना ताट नेलं. नियमानं शिक्षकांनीही चव पाहायची असते. "मावशी, माझा उपवास आहे आज," ते म्हणाले. सकाळी त्यांनी त्याच टेबलावर बिस्किटं खाल्लेली मी पाहिली होती. त्यांनी लेकरांच्या रांगेचा फोटो मात्र आधीच काढून ठेवला होता, सगळी बसलेली असतानाचा. तो वर गेला.

गंजात अर्ध्याहून जास्त खिचडी उरली. आमच्या वस्तीत नेऊ का, मी विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलवले. सर म्हणाले, "नको, नियमात बसत नाही. फेकूही नका." त्यांनी अध्यक्षांना फोन केला. अध्यक्षांचा गडी दोन टोपली घेऊन आला आणि सगळी खिचडी अध्यक्षांच्या गोठ्यात घेऊन गेला. म्हशीनं खाल्ली. गडी दुसऱ्या दिवशी सांगत होता, "बह्याड झाल्यावानी खाल्ली जी. पेंडीचं आंबोन बाजूले ठेवलं, पह्यले हे खाल्लं." आणि हसत होता.

त्या म्हशीचं दूध संध्याकाळी गावात घरोघर जातं. शाळेच्या चहालाही तेच येतं.

भावजय परत आली त्याच दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. "वाचायची गरज नाही, नुसती सही पाहिजे," ते म्हणाले. मी उचलून वाचला. सर घड्याळाकडे पाहत होते, तरी मी सावकाश वाचला. 'मी स्वखुशीने लिहून देते की, मी मदतनिसाचे काम करीन व स्वयंपाकाचे काम मागणार नाही.'

"तुमच्यावर कोणी बळजबरी केली असं उद्या कोणी म्हणू नये," सर म्हणाले. "सगळं पारदर्शक असलेलं बरं. तुमच्या जाऊबाई पुन्हा तालुक्याला जातील, म्हणून."

पेन त्यांनी पुढं सरकवलं. व्हरांड्यात भावजय उभी होती, अध्यक्ष खांबाशी होते. चार माणसं होती. पण जाऊनं विचारलेलं मला आठवलं, आणि तेवढंच मला विचारता आलं.

"सर, स्वखुशीने म्हणजे काय?"

सरांनी तोंड उघडलं. मग कपाकडे पाहिलं.

मी पेन होतं तिथंच राहू दिलं आणि ताटं धुवायला गेले.

त्याला बरेच दिवस झाले. कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे, पेपरवेटखाली. मला काढायचं तर लेखी कारण लागतं, आणि कारण कोणी लिहीत नाही. आदेशात माझं पद स्वयंपाकी आधी आहे आणि मदतनीस नंतर. मी आता सकाळी लवकर निघते. भावजय आधी पोचली तर ती शेगडीपुढं बसते आणि मी बाहेर. मी आधी पोचले तर मी शेगडी पेटवते, आणि ती दारात उभी राहून तोंडाला पदर लावते. त्या दिवशी गावातून डबे येतात. वस्तीतली लेकरं पोटभर जेवतात, उरलेलं गोठ्यात जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा चहा येतो. मी तेव्हा त्यांच्या दारापुढं झाडत असते. कपातून वाफ येते, दाट साय धरलेली असते. सर साय बोटानं बाजूला काढतात, जिभेवर ठेवतात आणि फुंकून फुंकून चहा पितात. मी झाडू थांबवून पाहते, पूर्ण कप संपेपर्यंत.